एनिसचा सामना आणि किलकीच्या वह्या

डब्लिनच्या विमानतळावर कस्टमच्या माणसानं बॅग उघडायला सांगितली, तेव्हा सगळ्यांत वर सरगुंड्यांचा डबा होता. (सरगुंडे म्हणजे आमच्या वऱ्हाडात काडीवर वळून वाळवलेल्या गव्हाच्या नळ्या.) त्यानं एक नळी उजेडाकडे धरली, आरपार पाहिलं आणि हे काय आहे, असं विचारलं. हातानं केलेला पास्ता, असं मी सांगितलं. तो "ग्रँड" म्हणाला आणि स्वतःच झाकण लावून दिलं. पुढचे तीन महिने हा शब्द माझ्या कानांवर पडतच राहिला. चहा चांगला झाला तरी ग्रँड, गुडघा मुरगळला असताना कसं काय विचारलं तरी ग्रँड.

ही २००४ सालची गोष्ट. अमरावतीच्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवून मी आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. माझे यजमान त्याच महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते; त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. ते आंतरमहाविद्यालयीन क्रिकेटचे सामने भरवत आणि गुणलेखक मिळाला नाही की मला वहीसमोर बसवत. पुढे पुढे तर ते दुसऱ्या कुणाला विचारीतही नसत. आमचा एकुलता एक मुलगा निखिल लिक्सलिपच्या चिप कारखान्यात इंजिनिअर होता. तीन वर्षं तो "ये, ये" म्हणत होता. एप्रिलच्या शेवटी मी एकदाची गेले.

लिक्सलिप हे डब्लिनच्या पश्चिमेचं छोटं गाव. एक उतरता रस्ता, खाली लिफी नदी, वरच्या अंगाला जुना कालवा आणि त्याच्या काठानं जाणारी आगगाडी. निखिलचं घर एका लांबलचक ओळीतलं, अगदी शेजारच्यासारखंच. पहिल्या आठवड्यात मी दोनदा चुकीच्या दाराला किल्ली लावली. दुसऱ्यांदा आतल्या बाईंनी मला बसवून चहाच पाजला.

तिसऱ्या दिवशी मी टॉवेल कुठे आहेत म्हणून विचारलं, तर निखिल कामाला निघता निघता म्हणाला, "हॉट प्रेसमध्ये." मला वाटलं इस्त्रीच्या खाली असतील. तिथे कपाटाला प्रेस म्हणतात हे मला नंतर कळलं. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवती केलेलं कपाट. पावसाळी देशात कपडे त्यातच उबदार राहतात. ते उघडलं तर टॉवेलांच्या खाली एक शिरस्त्राण, पुढे लोखंडी जाळी लावलेलं. त्याच्याखाली खांद्यांवर चढवायचं जाड चिलखत. बाजूला बत्तीस नंबरचा हिरवा सदरा.

संध्याकाळी तो आल्यावर मी ते सगळं जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवलं होतं.

"हे काय होय?"

"फुटबॉल आहे, आई. अमेरिकन फुटबॉल. दोन वर्षं झाली."

"फुटबॉलला चिलखत काऊन लागते?" (काऊन म्हणजे का. मी वर्गात पुस्तकी बोलत असे, पण घरात, आणि विशेषतः रागात, वऱ्हाडीच बोलते.)

तो हसला आणि सगळं उचलून परत हॉट प्रेसमध्ये ठेवायला गेला. हे त्यानं मला आधी का सांगितलं नाही, असंही मी विचारलं नाही. आमच्या घरात आम्ही दोघंही असे अवघड प्रश्न टाळण्यात तरबेज होतो.

रविवारी मी त्याच्याबरोबर सरावाला गेले. गावाबाहेर एका रग्बी क्लबचं मैदान होतं, ते यांना उरल्यासुरल्या वेळात मिळे. तिथे ईमन भेटले. पंचावन्नच्या आसपासचे, पाव पोहोचवणाऱ्या गाडीचे चालक, आणि या संघाचे प्रशिक्षक. ऐंशीच्या दशकात पूर्व किनाऱ्यावरच्या घरांत ब्रिटिश वाहिन्या दिसत. त्यांतल्या एकीवर रविवारी संध्याकाळी अमेरिकेतल्या सामन्यांची क्षणचित्रं लागत. ईमन आणि त्यांचे मित्र ती बघून सोमवारी ओल्या गवतात तेच करून पाहत. आधी चिलखत नव्हतं, तर कोटाच्या आत उशा बांधल्या. असा हा संघ उभा राहिला. मधे नव्वदच्या दशकात तो मोडला, आणि चार वर्षांपूर्वी त्यांनी पुन्हा जमवला. आता सुतार, नळकाम करणारे, विद्यार्थी, एक दंतवैद्य आणि माझा मुलगा मिळून तेवीस जण होते.

निखिलला यात काय करता येत असेल, हे मला कळेना. तो अंगानं लहान. ईमन म्हणाले, हा पळता पळता असा अचानक वळतो की समोरचा त्याच जागी राहतो. हे कुठे शिकला? मी सांगितलं, शाळेत खो-खो खेळायचा. मग त्यांना खो-खो समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. मी संख्याशास्त्र शिकवत होते आणि क्रिकेटची वही लिहीत होते, हेही त्यातच निघालं. त्यांची नोंदी ठेवणारी मुलगी महिन्यापूर्वीच ऑस्ट्रेलियाला निघून गेली होती. ईमननी पुढचं काही विचारलं नाही. गाडीतून एक फळी, कागद आणि पेन्सिल आणून माझ्या हातात ठेवली. पाऊस असल्यानं पेन चालत नाही, एवढंच बजावलं.

खेळ मी वहीतूनच शिकले. मैदान शंभर यार्डांचं. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्न. त्यांत दहा यार्ड पुढे सरकले तर पुन्हा चार, नाही तर चेंडू समोरच्यांचा. शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण. क्वार्टरबॅक म्हणजे डाव सुरू करणारा. तो चेंडू लांब फेकतो, नाही तर मागून पळत येणाऱ्याच्या पोटाशी देतो. निखिल हा तो पळत येणारा. प्रत्येक प्रयत्नानंतर मी लिहायचं: कितवा प्रयत्न, चेंडू कुणी नेला, किती यार्ड मिळाले की गेले.

मला सवय होती क्रिकेटची. तिथे चेंडू एकच असतो आणि सगळ्या नजरा त्याच्यावर असतात. इथे बावीस माणसं एकाच क्षणी हलतात आणि तो क्षण चार-पाच सेकंदांत संपतो. पहिल्या रविवारी माझी अर्धी पानं कोरी राहिली. तिसऱ्या रविवारपर्यंत मी दर धावेमागची सरासरी काढून ईमनना देऊ लागले. डावीकडून पळालं की आपले यार्ड कमी पडतात, हे मी त्यांना आकड्यांवरून दाखवलं. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला आणि निखिलला म्हणाले, तुझ्या आईला आधी का नाही आणलंस. निखिल बुटांच्या नाड्या बांधत होता.

जूनचा पहिला सोमवार तिथे सुट्टीचा असतो. त्याला जोडून रविवारी आमचा सामना पार पश्चिमेला, क्लेअर परगण्यातल्या एनिस गावी होता. संघ बसनं जाणार आणि त्याच संध्याकाळी परतणार. ईमन मात्र सामान घेऊन आपल्या गाडीनं निघणार होते आणि सोमवारी पुढे समुद्रकाठच्या किलकी गावाला जाणार होते. जुन्या संघाच्या नोंदी ठेवणारा त्यांचा मित्र, फिनबार, तिथे बहिणीकडे राहत असे. पहिल्या वर्षांच्या सगळ्या वह्या त्याच्याकडे होत्या. ईमननी त्या चार वर्षांत तीनदा मागितल्या होत्या. वाचता येणारं माणूस आण, मग बघू, असं उत्तर दर वेळी आलं होतं. म्हणून या वेळी मला घेऊन जायचं ठरलं. निखिलही थांबणार होता.

गाडीच्या पुढच्या बाकावर आम्ही तिघं: ईमन चालवायला, मधे निखिल, खिडकीशी मी. मागे तेवीस शिरस्त्राणं एकमेकांवर आदळत होती आणि घामाचा वास पुढेपर्यंत येत होता. किनेगाडच्या पुढे देश सपाट झाला. दोन्ही बाजूंना काळीभोर दलदल, आणि तिच्यातून कापून काढलेल्या मातीच्या विटा वाळत घातलेल्या. (या मातीला टर्फ म्हणतात, घरोघरी शेगडीत जळते.) मला आमच्याकडच्या गोवऱ्यांची आठवण झाली. ॲथलोनला शॅनन नदी ओलांडली, तेव्हा ईमन म्हणाले, आता आपण पश्चिमेत आलो, इथे त्या काळी ब्रिटिश वाहिनी दिसत नसे. त्यांच्या लेखी ती फार मोठी सीमारेषा होती.

बॅलिनास्लोला बस आणि आम्ही एकाच पेट्रोल पंपावर थांबलो. पोरांनी पावात सॉसेज, अंडं आणि काय काय भरून घेतलं. माझ्यासाठी गॅरी जॅम लावलेला स्कोन (एक जाडसर गोड पाव) आणि चहा घेऊन आला. गॅरी म्हणजे आमचा क्वार्टरबॅक, गवंडीकाम करणारा, सहा फुटांवर उंच आणि बोलायला लाजरा. त्याचा तळहात एवढा मोठा होता की कप त्यात दिसेनासा झाला. एनिसची माणसं मैदानाच्या रेषाही वाकड्या मारतात, अशी त्यानं मला सूचना दिली. पुढे दगडी कुंपणांचा मुलूख सुरू झाला. शेतं एवढाली लहान की एकेकात दोन-तीन गायी. कुंपणांवर पांढरी फुलं लगडलेली होती आणि ऊन-पाऊस आलटून पालटून चालले होते.

गॅरीचं खरं निघालं. मैदानावर आखणीचं यंत्र बंद पडलेलं आणि पाच-पाच यार्डांच्या रेषा दोघे जण दोरी धरून रंगाच्या डब्यानं मारत होते. सामना तासभर उशिरा सुरू झाला. मला घडीची खुर्ची मिळाली. वाऱ्यानं पानं उडत होती, म्हणून एका खेळाडूच्या बायकोनं पिशवीतून कपड्यांचे चिमटे काढून दिले.

तो सामना जिंकणं आम्हाला गरजेचं होतं. हरलो तर पुढच्या फेरीची आशा संपणार होती, आणि पोरं आता पांगतील अशी भीती ईमननी वाटेत बोलून दाखवली होती. मध्यंतरापर्यंत आम्ही पुढे होतो. निखिल सुंदर पळत होता. मी लिहीत होते: बत्तीस, सात यार्ड. बत्तीस, अकरा यार्ड. वहीत मी त्याचं नाव कधीच लिहीत नसे, फक्त नंबर. नंतर पावसानं जोर धरला, चेंडू साबणासारखा झाला, आणि एनिसवाले चार गुणांनी पुढे गेले.

शेवटच्या मिनिटात आम्ही त्यांच्या रेषेपर्यंत पोहोचलो. चौथा प्रयत्न, एक यार्ड बाकी. सगळ्यांना ठाऊक होतं की चेंडू निखिलला मिळणार. गॅरी वळला, निखिल वाकून आला, दोघं एक झाले, आणि समोरून त्यांचा एक धिप्पाड माणूस आत घुसला. पुढच्या क्षणी चेंडू चिखलात होता आणि त्यावर एनिसची चार माणसं पडलेली होती. सामना संपला.

मी लिहिलं: बत्तीस, चेंडू सोडला.

ईमन माझ्याजवळ आले. पाऊस त्यांच्या टोपीवरून गळत होता. त्यांनी ओळ वाचली आणि हळू आवाजात म्हणाले, की असा ओला चेंडू देता-घेताना पडला तर तो नीट हातात आला की नाही हे सांगणं कठीण असतं. अशा वेळी तो देणाऱ्याच्या नावावर मांडला तरी चालतं. गॅरी मागेच उभा होता. त्यानंही मान हलवली, माझ्या नावावर घाला म्हणाला.

मी म्हणाले, "मी जे पाहिलं ते लिहिलं आहे."

मग मला दिसलं की गॅरीच्या पलीकडे निखिल शिरस्त्राण हातात घेऊन उभा आहे. त्यानं सगळं ऐकलं होतं.

बस गेली. आम्ही एनिसमध्येच एका बाईंच्या घरी उतरलो. तिथे पाहुण्यांना राहायला आणि सकाळचा नाश्ता मिळतो. संध्याकाळी चांगला उजेड होता, गावात कुठेतरी बाजाचे सूर चालले होते. ईमननी आम्हाला गाणी ऐकायला बोलावलं, पण निखिल डोकं दुखतं म्हणून खोलीत गेला. मी खिडकीशी बसून राहिले.

मला राहून राहून एक जुनी गोष्ट आठवत होती. बारावीला निखिल माझ्याच वर्गात होता. प्रात्यक्षिक परीक्षेत त्याच्या एका आलेखाच्या अक्षांवर एकक लिहायचं राहिलं होतं. मी दोन गुण कापले. तीच चूक आणखी तिघांनी केली होती. त्यांचा मी एकेकच कापला होता. माझा मुलगा म्हणून सूट दिली असं कुणी म्हणू नये, एवढीच काळजी होती. त्याला हवं ते महाविद्यालय मिळालं नाही. त्या दोन गुणांमुळे नाही, इतरही गुण कमी पडलेच होते. पण त्या तिघांचं त्याला कळलं होतं. त्याच्या वडिलांनी मला एकदाच विचारलं होतं, असं का केलंस? मी म्हणाले होते, नियम म्हणजे नियम.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं किलकीकडे निघालो. उजवीकडे-डावीकडे हिरवळ, मग किलरश, मग एकदम समोर समुद्र. किलकीची खाडी घोड्याच्या नालेसारखी वाकलेली आहे, तिच्या काठानं रंगीत घरं आणि बसायला लांब कट्टा. सुट्टीमुळे गर्दी होती. एक बाई कागदी पुड्यांतून दिलिस्क विकत होती. (दिलिस्क म्हणजे वाळवलेलं जांभळं समुद्रशेवाळ.) शाकाहारी आहे म्हटल्यावर ईमननी मला एक पुडी घेऊन दिली. आधी खारट लागलं, मग बराच वेळ चघळत राहावंसं वाटलं.

फिनबार सत्तरीचे, उंच, पाठीचा कणा ताठ. ते रेल्वेत सिग्नलच्या केबिनमध्ये नोकरीला होते. त्यांच्या बहिणीनं चहा मांडला आणि ती बाहेर गेली. वह्या एका चपलांच्या मोठ्या खोक्यात होत्या. मी पहिली उघडली आणि मनात म्हटलं, हे माझंच माणूस आहे. पट्टीनं आखलेले रकाने, बारीक सरळ अक्षर, प्रत्येक पानाखाली बेरीज आणि बाजूला ती पुन्हा तपासल्याची खूण. रकाने कसे आखायचे हे कुणी शिकवलं, असं मी विचारलं. त्यांची दुसरी एक बहीण बॉस्टनला होती, ती जुनी वर्तमानपत्रं बोटीनं पाठवी. सहा-सहा आठवड्यांनी येत. त्यांतल्या क्रीडापानांवरून त्यांनी ते शिकून घेतलं होतं.

मग आम्ही दोघं बोलतच बसलो. त्यांना या खेळाचा इतिहास तोंडपाठ होता. पूर्वी प्रयत्न तीनच असत आणि पाचच यार्ड न्यावे लागत; नंतर यार्ड दहा झाले, मग प्रयत्न चार झाले. रेषा ओलांडण्याचे एके काळी चारच गुण होते, मग पाच, मग सहा. विसावं शतक उजाडून पाच-सहा वर्षं होईपर्यंत चेंडू पुढे फेकायला मुभाच नव्हती. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा आकडा आणि आजचा आकडा एकाच नावाचे असले तरी एका मापाचे नाहीत, असं मी म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. त्यांनी मला आणखी एक सांगितलं. समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणं, हे या खेळातलं केवढं मोठं काम. पण अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांत त्याची अधिकृत मोजणी १९८२ सालापासूनच सुरू झाली. त्याआधी ज्यांनी जन्मभर तेच केलं, त्यांच्या नावापुढे अधिकृत वहीत काहीच नाही.

"त्यांनी केलं नाही असं नाही," फिनबार म्हणाले. "कुणी लिहिलं नाही, इतकंच."

मग त्यांनी माझी फळी मागितली. कालचा कागद त्यांनी वरपासून सावकाश वाचला. बोट एकेका ओळीवरून सरकत होतं. शेवटच्या ओळीशी ते थांबलं. ईमन चहाच्या कपात पाहू लागले. निखिल खिडकीजवळ उभा होता.

"बत्तीस नंबर कोण?"

"माझा मुलगा," मी सांगितलं.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग सांगू लागले, की केबिनसमोरून गाडी गेली की तिची वेळ नोंदवायची असते, आणि शेवटच्या डब्याचा दिवा दिसला का तेही पाहायचं असतं. दिवा दिसला तर गाडी पूर्ण गेली, मधेच डबे सुटून राहिले नाहीत, असं समजायचं. धुक्यात कधी कधी दिवा दिसत नसे. गाडी पूर्णच गेली असणार हे माहीत असे, रोजचीच गाडी. तरी दिसला असं लिहायचं नाही. त्यांनी खोक्यातली सामन्यांची एक वही उघडून माझ्यासमोर ठेवली. पानाच्या मधोमध एका ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं: दिसलं नाही. चार पानांपुढे पुन्हा तेच. पुन्हा एकदा तेच.

"चेंडू त्याच्या हातात आला होता, हे तुम्ही पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

मी "हो" म्हणणार होते, पण थांबले. कारण मी तो क्षण आठवायला गेले तर मला चेंडू दिसतच नव्हता. मला दिसत होता तो आत घुसणारा धिप्पाड माणूस, आणि निखिलची वाकलेली मान. माझी नजर त्या मानेवर होती. नंतर चेंडू चिखलात दिसला आणि मधलं सगळं मी स्वतःच भरून काढलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "मी त्याच्याकडे पाहत होते."

फिनबारनी मान डोलावली आणि कागद माझ्याकडे परत केला. त्यांनी आणखी काहीही म्हटलं नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

मी उठून निखिलला म्हटलं, जरा बाहेर चल. आम्ही कट्ट्यावर जाऊन बसलो. ओहोटी होती, वाळू लांबवर उघडी पडली होती आणि पोरं बादल्या घेऊन पळत होती. मी त्याला मराठीत पुन्हा सांगितलं, की मी ते पाहिलंच नव्हतं. पाहिलं नव्हतं आणि तरी लिहिलं. बारावीच्या त्या आलेखाचंही सांगितलं. तिघांना एक आणि तुला दोन, ते चूक होतं, असं म्हणाले. दहा-बारा वर्षं जे वाक्य राहून गेलं होतं, ते बोलायला पुरतं अर्धं मिनिटही लागलं नाही.

त्यानं कट्ट्यावरचा एक खडा उचलून वाळूत फेकला.

"आई, चेंडू हातात आला होता," तो म्हणाला. "गॅरीनं नीट दिला होता. मीच घाई केली, धरायच्या आधी पुढे बघितलं. तू लिहिलंस ते बरोबरच आहे."

"मग रागावला काऊन होता?"

"तू खरं लिहिलंस म्हणून नाही. तू किती पटकन लिहिलंस म्हणून."

मी पुडी पुढे केली, त्यानं दिलिस्क तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं. हे म्हणजे खारवलेला चामड्याचा पट्टा आहे, म्हणाला. मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत असा ठेवला नव्हता.

फळीवरची ओळ मी तिथेच, कट्ट्यावर बसून खोडली. निखिल म्हणाला, आता तर मी कबूल केलं आहे, राहू दे माझ्या नावावर. मी म्हटलं, खेळाडूच्या सांगण्यावरून वही लिहीत नाहीत. आणि त्या जागी लिहिलं: दिसलं नाही. परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपावर थांबलो असताना, माझ्या नकळत, निखिलनं गॅरीला फोन करून सगळं सांगून टाकलं होतं. गॅरीचं उत्तर आलं, की अरे, मला तर वाटलं मीच नीट दिला नाही.

फिनबारनी वह्यांचं खोकं आम्हाला दिलं. दोरीनं बांधून दिलं, आणि गाडीत शिरस्त्राणांखाली ठेवू नका म्हणून बजावलं. मी ते लिक्सलिपपर्यंत मांडीवर घेऊन बसले. ॲथलोनच्या अलीकडे ईमननी वहीतलं एखादं पान वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचू लागले आणि ते गाडी चालवता चालवता प्रत्येक नंबराचं नाव सांगू लागले. हा आता कॅनडात. हा शिक्षक झाला. हा दोन वर्षांपूर्वी वारला. एकदा त्यांनी गाडी कडेला घेतली आणि रुमाल काढून नाक शिंकरलं. पाच नंबर ते स्वतःच होते. त्या सामन्यात त्यांच्या नावावर नऊ यार्ड होते. एवढे असतील असं वाटलं नव्हतं, म्हणाले.

पुढची फेरी आम्हाला मिळाली नाही. पण पोरं पांगलीही नाहीत. जुलैपर्यंत उरलेले सगळे सामने खेळले, त्यातले दोन जिंकले, आणि मी प्रत्येक सामन्याला चिमटे लावून बसले. जुन्या वह्यांचे आकडे मी निखिलच्या संगणकावर उतरवून काढले. रोज सकाळी दोन तास मी फिनबारच्या अक्षरात बुडालेली असे. त्यांच्याशी तीन वर्षं पत्रव्यवहार राहिला. २००७च्या हिवाळ्यात त्यांच्या बहिणीचं पत्र आलं, आणि त्यावरच्या अनोळखी अक्षरावरूनच मला मजकूर कळला. त्याच वर्षी निखिल पुण्याला परतला. ईमनचा संघ शेजारच्या गावच्या संघात मिसळून गेला. सदऱ्यांचा हिरवा रंग राहिला, नाव गेलं, असं त्यांनी कळवलं.

२००४च्या जुलैअखेर मी अमरावतीला पोहोचले, त्या दिवशी घर धुळीनं भरलं होतं आणि नळाला पाणी नव्हतं. शेजारणी विचारत होत्या, काय काय पाहिलं? मी दलदल, दगडी कुंपणं आणि समुद्र सांगितला. पाहिलेलं सगळं सांगून झालं, तरी प्रवासाचं काही सांगितलंच नाही असं वाटत राहिलं.

तेव्हापासून निखिलच्या फोनमध्ये एक फरक पडला. पूर्वी तो हवा सांगायचा, जेवण सांगायचा, सगळं छान चाललंय म्हणायचा आणि ठेवायचा. मी परतल्यावर पहिल्याच रविवारी त्याचा फोन आला, तेव्हा तो म्हणाला, "आई, आज मैत्रीचा सामना हरलो. तुला वेळ आहे का? पहिल्यापासून सांगतो." मी खुर्ची ओढून घेतली आणि बसले.